आईच्या गोळ्यांचा कागद

"इतकं नीट लिहून आणणारे नातेवाईक बघितले नाहीत हो मी," सिस्टर म्हणाली. कागद तिने उजेडाकडे धरला आणि एकेक ओळ आपल्या रजिस्टरमध्ये उतरवून घ्यायला लागली. "गोळीचं नाव, किती पॉवरची, सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर... कुणी लिहिलंय?"

"मीच," मुकुंद म्हणाला. "दर वेळी डॉक्टरांकडून आलो की नवीन लिहितो. जुना फाडून टाकतो. घोळ नको."

मुकुंद माझा धाकटा भाऊ. भूमी अभिलेखमध्ये नोकरीला. कागदावर आहे ते खरं, यावर त्याचं पोट आणि त्याचा स्वभाव दोन्ही चालत. आईला हृदयाचा त्रास निघाल्यापासून तिच्या गोळ्यांचं सगळं त्याच्याकडे होतं. रविवारी दुपारी तो खणाखणाचा प्लास्टिकचा डबा घेऊन बसायचा आणि आठवड्याच्या गोळ्या वारानुसार लावून ठेवायचा. पुढच्या रविवारी डबा रिकामा मिळायचा. मी लातूरला दिलेली. महिन्या-दोन महिन्यांनी बार्शीला यायची तेव्हा तो डबा बघायची आणि मनात म्हणायची, आईला मुलगा असावा तर असा.

आई आत कॉटवर होती. तिचं खुब्यातलं हाड मोडलं होतं. आम्ही कासार. वडील गेल्यावर आईने बांगड्यांचा धंदा सोडला नव्हता. आठवड्यातून चार दिवस आसपासच्या खेड्यांचे बाजार करायची. त्या दिवशी पिंपळवाडीच्या बाजारात दुपारच्या उन्हात ती बांगड्यांची ट्रंक सरकवायला उठली आणि पाय अडखळून पडली. बाजारातल्याच बायांनी जीपमध्ये घालून आणलं. मला निरोप मिळाला तशी मी निघाले आणि दिवेलागणीला दवाखान्यात पोचले.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

"दुखतंय की," आई म्हणाली. "पर ट्रंक कुठाय? हिरवा चुडा भरायचा ऱ्हायलाय पवाराच्या सुनेचा. तिचं डोहाळजेवण हाय."

"ट्रंक घरी आणलीय. पडून राहा तू."

"चुड्यातले गोट तर न्हाईत ना फुटले?"

मुकुंद बाहेरून आला आणि म्हणाला, "झालं ना आता मनासारखं? किती वेळा सांगितलं, बाजार बंद कर. या वयात, असं हृदय घेऊन. आता बंद म्हणजे बंद."

आईने डोळे मिटून घेतले. ती मुकुंदशी वाद घालत नसे. तो बोलायला लागला की डोळे मिटायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या एसटीने बाजाराला जायची.

ऑपरेशन एक दिवस सोडून ठरलं. मधल्या दिवशी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, दुखायचं थांबावं म्हणून इंजेक्शनं दिली. आणि मुकुंदच्या कागदाप्रमाणे गोळ्या. सकाळी सिस्टर ट्रे घेऊन आली. आईने ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढ्या?" ती म्हणाली.

"तुमच्याच आहेत आजी. रोजच्या. मुलाने लिहून दिल्यात."

मुकुंद शेजारीच उभा होता. तिने एकेक गोळी जिभेवर ठेवली, घोट घेतला. सिस्टरने रजिस्टरवर बरोबरची खूण केली. दुपारी आणि रात्री पुन्हा तसंच. मग ऑपरेशनसाठी तोंडाने पाणीसुद्धा बंद केलं.

सकाळी मी तिचं तोंड पुसायला गेले तर कपाळ गार लागलं. हाक मारली तर तिने ओ दिली, पण ती दुसऱ्या कुणाला तरी दिल्यासारखी. सिस्टरने बीपी घेतलं, पट्टा सोडून परत घेतलं आणि पळतच गेली. मग माणसं आली, कॉट ढकलत नेली आणि काचेचं दार आमच्या तोंडावर बंद झालं.

डॉक्टर लामतुरे तिथले फिजिशियन. चाळिशीही उलटली नसेल. हळू बोलणारा माणूस. त्यांनी आम्हाला आयसीयूच्या बाहेर बाकावर बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"बीपी फार पडलंय. लघवी जवळजवळ थांबली आहे. मला दोन गोष्टींचा संशय आहे. एक म्हणजे हृदयाने जोर सोडलाय. तसं असेल तर अंगातलं पाणी काढायला हवं. दुसरं म्हणजे अंगातलं पाणीच संपलंय. तसं असेल तर पाणी द्यायला हवं, सलाईन. दोन्हीचे उपाय उलटे आहेत. चुकलो तर वेळ जाईल." ते थांबले. "या कागदावरच्या गोळ्या. लघवीच्या दोन आहेत, बीपीची दिवसातून दोन वेळा आहे, डोस मोठे आहेत. घरी हे सगळं रोज घेत होत्या? अगदी रोज?"

"रोज," मुकुंद म्हणाला. "एकही चुकलेली नाही सर. मी स्वतः डबा भरतो. स्वतः रिकामा बघतो."

"नक्की?"

"सर, तुम्ही आमच्या डॉक्टरांना फोन करा ना. दर महिन्याला मी बरोबर असतो. पायाची सूज कमी होत नव्हती म्हणून त्यांनीच डोस वाढवत नेला. आधी एक गोळी होती, मग दुप्पट, मग दुसरी जोडली. सगळं माझ्यासमोर."

डॉक्टरांनी मान हलवली. "बरोबर आहे. एवढ्या गोळ्या रोज पचवणाऱ्या माणसाचं बीपी त्याच गोळ्यांनी असं एका दिवसात पडत नाही. म्हणजे हृदयच. इको करणारे डॉक्टर दुपारनंतर येतील, तोवर थांबून चालणार नाही. आपण पाणी काढायचं इंजेक्शन सुरू करू."

ते आत गेले. मुकुंदने कागदाची घडी केली आणि पुन्हा उलगडली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू सगळं नीट केलंयस," मी म्हटलं.

थोड्या वेळाने एकाला आत बसायची परवानगी मिळाली. मी गेले.

आईला नळ्या लावल्या होत्या. नाकाला ऑक्सिजन, हाताला सुई आणि कॉटच्या कडेला लघवीची पिशवी टांगलेली. पिशवीच्या तळाशी चहाच्या रंगाचं थोडंसं काही होतं. आईचे डोळे उघडे होते. ती हाताने चादर ओढायला बघत होती, पण तिला जमत नव्हतं.

"काय पाहिजे?" मी वाकून विचारलं.

"ती झाक."

"काय?"

"ती पिशवी. माणसं येत्यात जात्यात. समद्यांस्नी दिसती."

मी चादरीचं टोक ओढून पिशवीवर घातलं. तिचा हात शांत झाला. जरा वेळाने ती म्हणाली, "कालधरनं किती गं झाली. ह्या नळीतनं नुसती वाहतीय म्हनत हुती सिस्टर. मी म्हनलं, व्हनारच की. समद्या गोळ्या दिल्यात मला."

"रोज घेतेसच की तू त्या."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला कासारणीची एक सवय होती. बोलताना समोरच्या बाईचा हात हातात घ्यायचा आणि बोटं दाबत राहायची, जणू पुढच्या क्षणी बांगडी सरकवायची आहे. तशी ती माझी बोटं दाबायला लागली. अंगात जोर नव्हता, तरी सवयीने.

"बाजारच्या दिवशी न्हाई घेत," ती म्हणाली.

मला आधी नीट कळलंच नाही. "कुठली नाही घेत?"

"लघवीची. आन ती बीपीची बी, तिच्यात बी तेच आसतंय म्हनं. घरी आसले तरी एखादीच घेते. घेतली की बसवत न्हाई शैला. अर्ध्या-अर्ध्या तासाला. कुठं जाऊ मी? आदी बाजाराच्या मागं रान हुतं, बांध हुता. बाभळी हुत्या. आम्ही बाया एकमेकीला आडोसा धरून जात हुतो. आता तिथं गाळे झालेत. तारा ठोकल्यात. गडीमाणसं कुठंबी भिताडाला हुबी ऱ्हात्यात. बाईनं काय करायचं? मी तर पाणी बी पीत न्हाई दिवसभर. तोंड नुसतं वलं करते."

"मग त्या गोळ्या?"

"एसटीच्या खिडकीतनं टाकते."

"आणि डॉक्टरकडे जाताना?"

"त्या दिशी तर न्हाईच. तिथं चार-चार तास नंबर लागत न्हाई. मुकुंदा म्हनतो, उठू नगं, नंबर जाईल."

माझ्या डोळ्यांसमोर ती डॉक्टरची खोली आली. मी कधी गेले नव्हते, तरी मला ती दिसली. आई स्टुलावर, पाय सुजलेले. डॉक्टर विचारतायत, गोळ्या घेता का. आणि मुकुंद सांगतोय, हो, सगळ्या, रोज. पाय दाबून बघून डॉक्टर कागदावर आकडा वाढवतायत. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

"अगं, मग सांगायचं नाहीस का? मला तरी."

"तुला सांगून तू त्याला सांगितलं आसतंस. आन त्यानं बाजार बंद केला आसता. त्यो वाटच बघत हुता." तिने श्वास घेतला. "आन डॉक्टर बाप्या माणूस. पोरगा शेजारी बसलेला. त्येच्यासमोर मी काय म्हनू? मला कोण इचारत हुतं? त्यालाच इचारायचे."

मी उठले. तिने माझी बोटं सोडली नाहीत.

"कुठं निगालीस?"

"डॉक्टरांना सांगायला हवं, आई."

"नगं." तिचा आवाज एकदम स्वच्छ झाला. "मुकुंदासमोर न्हाई. मी बरी झाल्यावर काय ते बगू. शैला, माझी आन हाय तुला."

आत्ता हे लिहिताना पंधरा-सोळा वर्षं झाली आहेत, आणि त्या हातातून माझी बोटं सोडवून घेताना काय वाटलं ते मला जसंच्या तसं आठवतं. तिची पकड अगदी हलकी होती. एका झटक्यात सुटली.

डॉक्टर लामतुरे पलीकडच्या पेशंटजवळ होते. मुकुंद काचेतून बघत होता. मी डॉक्टरांकडे जाताना बघून तोही दार ढकलून आत आला. त्याला बाहेर थांब म्हणायला वेळ नव्हता, आणि मी म्हटलंही नाही.

"सर, ती रोज घेत नव्हती," मी म्हणाले. "लघवीच्या आणि बीपीच्या. आठवड्यातले चार दिवस नाहीच, बाकीचे दिवस एखादीच. डॉक्टरकडे जायच्या दिवशी पण नाही. इथे आल्यावरच सगळ्या एकदम पोटात गेल्यात. आणि ती दिवसभर पाणी पीत नाही."

"काय बोलतेस ताई?" मुकुंद म्हणाला. "कोण म्हणालं?"

"आईच म्हणाली."

"ती शुद्धीवर नाहीये. सर, तिचं डोकं ठिकाणावर नाही, बीपी किती आहे बघताय ना तुम्ही? डबा रिकामा असतो. मी स्वतः बघतो. दर रविवारी."

"ती गोळ्या टाकून देते, मुकुंद."

"का टाकेल? का?" त्याचा आवाज चढला. सिस्टर वळून बघायला लागली. "मी काय विष देतोय तिला? वर्षानुवर्षं करतोय मी हे. तू महिन्यातून एकदा येतेस पाहुणीसारखी, आणि मला सांगतेस?"

"थांबा दोघं," डॉक्टर म्हणाले. ते आईच्या कॉटशी गेले आणि वाकले. "आजी, माझ्याकडे बघा. मी रागावणार नाही. फक्त मान हलवा. लघवीची गोळी रोज घेत होता?"

आई छताकडे बघत होती. मग तिने डोळे फिरवले. कॉटच्या पायथ्याशी मुकुंद उभा होता. तो हलत नव्हता. मी त्याला बाहेर न्यायला पुढे झाले, पण तोच म्हणाला, "आई, सांग ना यांना. सांग, घेत होते म्हणून."

आईने तोंड भिंतीकडे केलं. आणि भिंतीकडे तोंड करूनच मान नाही अशी हलवली.

डॉक्टर सरळ झाले. "ते इंजेक्शन बंद करा," ते सिस्टरला म्हणाले. "सलाईन लावा. लगेच."

नंतरचं सगळं भराभर झालं. सलाईनच्या बाटल्या लागल्या, दुपारी इको झाला. आईचं हृदय पूर्वी होतं तसंच होतं, कमजोर, पण नव्याने काही बिघडलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत बीपी वर आलं. कपाळ कोमट झालं. डॉक्टर लामतुरे बाहेर येऊन म्हणाले, "तुम्ही वेळेत सांगितलंत." मग खाली बघत म्हणाले, "किडन्यांचं मात्र बघावं लागेल. दोन दिवस बिनपाण्याच्या चालल्यात त्या. वर दुखायची इंजेक्शनं. मी आत्ता शब्द देत नाही."

मुकुंद जिन्याच्या पायरीवर बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि त्याला सगळं सांगितलं. बाभळी, गाळे, तारा, एसटीची खिडकी. आमच्यात असं बोलायची पद्धत नव्हती. लघवी हा शब्द मी भावासमोर त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला असेन. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मी दर महिन्याला तिच्या शेजारी बसत होतो ताई. खुर्चीला खुर्ची लावून."

मी जरा जवळ सरकले.

"डॉक्टर तिला विचारायचे. तिलाच विचारायचे ते. पहिल्या एक-दोन वेळा. मीच बोलायचो."

किडन्या काही सुधारल्या नाहीत. खुब्याचं ऑपरेशन आधी लांबलं, मग राहूनच गेलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तिला सोलापूरला न्यावं लागायचं, गाडीत आडवं घालून. ती माझ्याशी बरेच दिवस नीट बोलली नाही. मी भरवायला गेले की तोंड उघडायची, पण बघायची दुसरीकडे. एकदाच म्हणाली, "भर दवाखान्यात माझं लुगडं फेडलंस तू. पोराम्होरं." मी म्हटलं, "तू मेली असतीस आई." ती म्हणाली, "मग?"

मी पुढचा घास तिच्या तोंडाशी नेला.

ती दिवाळीनंतर गेली. तोवर बाजारातल्या बाया अधूनमधून घरी यायच्या. पवाराची सून लेकरू घेऊन आली. आईने पडल्या पडल्या त्या लेकराच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या घातल्या. त्याच्या मुठी तिने दोन बोटांनी इतक्या अलगद दाबल्या की ते रडलंसुद्धा नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं, सोलापूरचं. डायलिसिसच्या तिसऱ्या की चौथ्या वेळी तिथले डॉक्टर बदलून गेले होते आणि नवीन आले होते. त्यांनी आईचं स्ट्रेचर टेबलाजवळ घ्यायला सांगितलं आणि फाईल उघडली.

"सध्या काय काय गोळ्या चालू आहेत?"

ते मुकुंदकडे बघत होते. सगळे त्याच्याकडेच बघायचे. तो नीट कपडे घातलेला, फाईल धरलेला माणूस. मुकुंदने फाईलमधला कागद काढून टेबलावर ठेवला.

"डॉक्टरांनी लिहून दिलेल्या या आहेत," तो म्हणाला. "त्यातल्या ती कुठल्या घेते ते तिला विचारा." मग आईकडे न बघता म्हणाला, "मी बाहेर थांबतो."

तो गेला. दार त्याने लोटून घेतलं, पण ते पुरतं लागलं नाही.

आई लोटलेल्या दाराकडे बघत राहिली. तिला ते नवं होतं. मग तिने एकेक सांगायला सुरुवात केली. नावं तिला येत नव्हती. पांढरी, लांबट, ती कडू लागणारी. ही घेते. ही घेतली की मळमळतं, म्हणून अर्धी करते. ती रात्रीची कधी कधी ऱ्हाती. डॉक्टर लिहून घेत होते, मध्ये थांबवत नव्हते.

"आणि लघवी कितपत होते आजी?" त्यांनी विचारलं.

आईने मान माझ्याकडे वळवली. त्या दवाखान्यानंतर पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ पाहिलं, आणि ती हसली. बाजारात गिऱ्हाईक बाईच्या हातात शेवटची बांगडी एकदम सरकून जायची तेव्हा ती हसायची तशी.

"आता व्हतच न्हाई," ती मोठ्याने म्हणाली. "आता दिवसभर बसवा की मला बाजारात. कुठंच जायला लागत न्हाई."

डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि लिहिलं.

मी दाराच्या फटीतून बघितलं. मुकुंद बाहेर भिंतीला टेकून उभा होता. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं, आणि बाकावरची एक अनोळखी म्हातारी त्याला बसायला जागा करून देत होती.